गुणिले चार: चाकाच्या टॉर्कचं एक गणित तपासताना

संशोधनाला यायची तयारी करताय ना? मग आज शोधनिबंध बाजूला ठेवूया आणि एक प्रोजेक्ट रिपोर्ट वाचूया. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये काही मुलांनी स्वतःच्या हातांनी एटीव्ही बनवली. तिला गिअरबॉक्स नाही. इंजिन पंप फिरवतं आणि पंपाचं तेल चार चाकांवरच्या चार मोटरींना जातं. यालाच हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणतात. रस्त्याच्या कामावरचे बरेच रोलर असेच चालतात.

जुलैमध्ये ही गाडी कल्याणच्या खाडीकाठी, सपाट चिखलात अडकली. रिपोर्टचा निष्कर्ष असा: टॉर्क कमी पडला, १०० सीसीच्या जागी १६० सीसीच्या मोटरी घ्या. पैसे मुलांच्याच खिशातले. म्हणून हे गणित नीट तपासायला हवं.

आधी चांगलं काय ते सांगतो. किती टॉर्क लागेल, हे त्यांनी व्यवस्थित काढलंय. चालकासह वजन ४०० किलो, चढ ३० अंश, चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर. चढासाठी १९६२ न्यूटन, रोलिंग रेझिस्टन्ससाठी (गुणांक ०.१) ३४० न्यूटन. बेरीज गुणिले त्रिज्या, म्हणजे सुमारे ६४५ न्यूटन-मीटर.

मग मोटर किती देईल? दाब गुणिले एका फेरीचं तेल, भागिले दोन पाय. रिलीफ व्हॉल्व्ह १४० बारवर लावलाय, म्हणून एका मोटरीचे २२३. गुणिले चार, ८९२. ‘८९२ हे ६४५ पेक्षा जास्त, म्हणून गाडी चढेल.’

इथेच थांबा. ३० अंशांच्या चढाला पुरणारा टॉर्क सपाटीवर कमी कसा पडला? रिपोर्ट हा प्रश्न विचारतच नाही, सरळ मोठ्या मोटरींवर उडी मारतो.

माझे आक्षेप तीन. पहिला किरकोळ: २२३ हा आकडा घर्षण आणि गळती शून्य धरून आलाय. थांबलेली मोटर सुरू होताना टॉर्क त्याहून कमी मिळतो. ८० टक्के धरला तर ८९२ चे ७१३ होतात.

दुसरा: जमिनीची पकड गणितात कुठेच नाही. ओल्या मातीवर पकडीचा गुणांक ०.५ धरा. ३० अंशांचा टॅन्जंट ०.५७७. म्हणजे मोटर कितीही मोठी लावा, त्या चढावर चाकं नुसती घसरणार.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा, आणि तो ‘गुणिले चार’वर आहे. चारही मोटरी समांतर जोडल्यात, म्हणजे चौघींना दाब सारखाच. तेल सोपी वाट धरतं. समजा एक चाक पातळ गाळात आलं आणि ४० न्यूटन-मीटरला गरगरू लागलं. दाब साधारण २५ बारवर येतो. मग उरलेल्या तिघांनाही ४० च मिळतात. बेरीज १६०, म्हणजे टायरपाशी जेमतेम ५७१ न्यूटन. चिखलात रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.२ धरला तर सपाटीवरही ७८५ लागतात. गाडी अडकली, तिथल्या तिथे!

आता १६० सीसीच्या मोटरी लावून बघा. गाळातल्या चाकाला अजूनही ४० च लागतात, फक्त दाब १६ बारवर येतो. बेरीज तीच, १६०. वर पंप तोच, मिनिटाला २८ लिटरचा. त्यामुळे वेग ताशी ७.४ किलोमीटरवरून ४.६ वर. खर्च करून गाडी हळू झाली, बस्स. खरं तर तेल चौघांत वाटून देणारा फ्लो डिव्हायडर हवा. त्यात तेल तापतं आणि वळताना अडचण येते, पण दुखणं तिथंच आहे.

मीही फक्त कागदावर बोलतोय, हे लक्षात ठेवा. माझं म्हणणं तपासायला एक प्रेशर गेज पुरेल. गाडी अडकली असताना काटा १४० जवळ असेल, तर मुलं बरोबर आणि मी चूक. काटा खाली पडला असेल, तर टॉर्क नाही, पकड कमी पडली. दोन स्पष्टीकरणांत निवाडा करणारं हे मोजमाप रिपोर्टमध्ये नाही, आणि ते मोटरींच्या ऑर्डरआधी व्हायला हवं.

तुमच्या प्रबंधातही असं एखादं ‘गुणिले चार’ असेल. ते कोणत्या गृहीतकावर उभं आहे, हे गाईडने विचारण्याआधी तुम्हीच विचारा.