पत्ता वेगळा, घराणे एक

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा येथे शिक्षकांशी गप्पा चालल्या असता आम्हाला एक प्रश्न विचारण्यात आला. ‘डोक्याच्या कातडीतली एखादी दुर्मिळ गाठ लाळग्रंथीच्या कर्करोगासारखी दिसते म्हणे. कातडीत लाळ आली कुठून?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आपल्या पुस्तकांतला एक दोष आमच्या ध्यानात आला.

आपण लाळग्रंथी पचनाच्या पाठात शिकवतो, घर्मग्रंथी त्वचेच्या. त्या एका जातीच्या आहेत हे कोणत्याच पाठात येत नाही. दोन्ही तयार होताना पृष्ठभागावरील पेशींचा थर आत शिरून नळी बनते. नळीत आतल्या बाजूला स्राव करणाऱ्या पेशी, बाहेरून तो पिळून काढणाऱ्या पेशी. स्तनग्रंथी व अश्रुग्रंथीही याच घराण्यातल्या. मग त्यांच्या गाठी एकमेकींसारख्या दिसल्या, तर नवल ते काय?

वैद्यकाचे ग्रंथही या दोषातून सुटलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची अर्बुदांच्या वर्गीकरणाची ग्रंथमाला १९६७ पासून निघते, तीही अवयववार. नावांचा गोंधळ तर विचारूच नका. बिलरोथ या जर्मन शल्यविशारदाने १८५९ मध्ये ‘सिलिंड्रोमा’ म्हटले, तो आजचा ‘ॲडिनॉइड सिस्टिक’ कर्करोग. आज ‘सिलिंड्रोमा’ म्हणजे कातडीची बहुधा निरुपद्रवी गाठ!

मग जनुकांवरून नावे द्यावीत काय? २००९ मध्ये लाळग्रंथी व स्तन यांच्या ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोगात ‘मिब’ व ‘एनएफआयबी’ ही जनुके एकमेकांना जोडली गेल्याचे दिसले. पुढे कातडीतल्या अशा अनेक गाठींतही मिबचाच बिघाड सापडला. युक्तिवाद मोहक आहे, पण अपुरा. लाळग्रंथीच्या म्युकोएपिडर्मॉइड कर्करोगात आढळणारी जनुकांची जोडी कातडीच्या हायड्रॅडिनोमा या साध्या गाठीतही आढळते. जनुक घराणे सांगते, स्वभाव सांगेलच असे नाही.

म्हणून पत्ताही हवाच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तीच चाळणीसारखी भोके दिसतात. गाठ मूळची कातडीतलीच असेल, तर ती सावकाश वाढते, मज्जातंतूंच्या कडेने सरकते, काढल्यावर पुन्हा उद्भवू शकते. दूर मात्र क्वचितच पसरते. तीच लाळग्रंथीतून तेथे आलेली असेल, तर रोग आधीच दूरवर गेलेला असतो व उपचारांचा सारा विचारच बदलतो. हे केवळ काचपट्टीवरून ठरत नाही. रुग्णाचे तोंड, गाल, मान तपासावी लागते.

आमची सूचना साधी आहे. फळ्यावर चारही ग्रंथी शेजारी शेजारी काढा आणि साम्य विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. जाता जाता एक गोष्ट घरी सांगायला लावा: काढलेली गाठ, कितीही किरकोळ वाटो, फेकायची नाही, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवायची. दरेकशासारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूरच्या गावी या एका वाक्याचे मोल पाठ्यपुस्तकातल्या आकृतीहून अधिक आहे.