‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’च्या प्रारंभदृश्यांतील ताणनिर्मिती : एक चिकित्सा

प्रस्तावना :
आपत्तीपटाची ओळख सामान्यतः त्यातील विध्वंसाच्या दृश्यांवरून होते. समीक्षाही बहुधा तांत्रिक करामतींचीच चर्चा करते. वस्तुतः विध्वंस परिणामकारक ठरतो तो त्यापूर्वी प्रेक्षकाच्या मनात निर्माण झालेल्या ताणामुळे. रोनाल्ड नीम दिग्दर्शित व आयर्विन अ‍ॅलन निर्मित ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ (१९७२) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पॉल गॅलिको यांच्या १९६९ च्या कादंबरीवर तो आधारित आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या प्रारंभीच्या दृश्यमालिकेचा विचार केला आहे.

शेवटाचे पूर्वकथन :
चित्रपटाच्या आरंभीच पडद्यावरील निवेदन सांगते की, न्यूयॉर्कहून अथेन्सकडे निघालेले हे जहाज वर्षअखेरच्या मध्यरात्री नष्ट झाले आणि मोजकेच प्रवासी वाचले. वरवर पाहता हा रहस्यभंग आहे. परंतु ताणाचा उगम येथेच आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यांत भेद केला होता. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर तो क्षणिक धक्का. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल, तर त्या टेबलावरील साध्या गप्पाही असह्य होतात. येथे पूर्वनिवेदन हे त्या बॉम्बचे कार्य करते. ‘काय होणार’ हा प्रश्न मिटतो आणि ‘कोण वाचणार’ हा उरतो. परिणामी समुद्र लागून बेजार झालेली लिंडा रोगो व तिच्या केबिनमधील डॉक्टर यांचा विनोदी प्रसंगही निर्धास्तपणे हसू देत नाही.

वादळ आणि वाद :
पहिल्याच प्रसंगात जहाज वादळात हेलकावत आहे. कप्तान हॅरिसन आणि मालकांचा प्रतिनिधी लिनार्कोस यांच्यात वाद होतो. जहाज मोडीत निघावयाचे आहे, हा त्याचा अखेरचा प्रवास आहे आणि विलंबाचा खर्च मालकांना नको आहे. जहाजाचा वरचा भाग जड झाला असल्याने स्थैर्यासाठी तळाशी भार, म्हणजे बॅलास्ट, घेणे कप्तानाला आवश्यक वाटते. पुढे पदावरून दूर करण्याची धमकी मिळताच तो पूर्ण वेगास मान्यता देतो. ताणाचे खरे केंद्र लाटेत नसून या निर्णयात आहे. संकट येण्यापूर्वीच जहाज संकटास पात्र झालेले असते.

याच वादळात रॉबिन हा मुलगा कुतूहलाने कप्तानाकडे येतो. त्याचे जहाजाविषयीचे ज्ञान पुढे वाचलेल्यांच्या उपयोगी पडते. म्हणजे माहिती देणारा प्रसंग पुढील कथानकाची तयारीही करतो. जहाजाचे नावही अर्थपूर्ण आहे. पोसायडन हा ग्रीक पुराणातील समुद्राचा आणि भूकंपाचाही देव; जहाज उलटविणारी लाट समुद्रतळाच्या भूकंपातूनच उद्भवते.

मर्यादा :
भारतीय नाट्यशास्त्राच्या परिभाषेत, मुखसंधीत पेरलेल्या बीजाची परिणती निर्वहणसंधीत दिसावी अशी अपेक्षा असते. येथे बॅलास्टच्या वादाने जबाबदारीचे बीज पेरले जाते. परंतु जहाज उलटल्यानंतर लिनार्कोसच्या दोषाकडे चित्रपट परत वळत नाही. पाद्री स्कॉट यांचा देवाशी झगडा सुरू होतो आणि मालकांचा हिशेब मागे पडतो. पुरेसा भार घेतलेले जहाज त्या लाटेत तरले असते काय, हा प्रारंभानेच उपस्थित केलेला प्रश्न अनुत्तरित राहतो. मानवी निष्काळजीपणाचे रूपांतर दैवी परीक्षेत होते, ही या चित्रपटाची गंभीर उणीव होय.

निष्कर्ष :
१) पूर्वनिवेदनामुळे ताण कमी होत नाही, सामान्य प्रसंगांनाही भयाची छाया प्राप्त होते. जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘टायटॅनिक’ (१९९७) मध्येही शेवट ज्ञात असूनच ताण टिकतो.
२) निसर्गाच्या कोपापेक्षा मनुष्याचा चुकीचा निर्णय हा ताणाचा अधिक टिकाऊ आधार ठरतो.
३) प्रारंभाने घेतलेले नैतिक ऋण शेवटाने फेडले नाही, तर ताण केवळ करमणुकीपुरता उरतो. म्हणूनच आपत्तीपटाचे मूल्यमापन करताना लाटेच्या उंचीबरोबरच जबाबदारीचा प्रश्न कोठे हरवला, हेही तपासणे आवश्यक आहे.