खर्जाच्या तारेमागून
साथीदारांचा विनोद आणि आपले संगीतलेखन

मराठीत संगीतविषयक लेखन पुष्कळ झाले आहे, अशी आपली समजूत आहे आणि ती खोटी नाही. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली प्रसिद्ध झाला. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांची परखड परीक्षणे लिहिली. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या वामनराव देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्यांच्या सौंदर्यतत्त्वांची मांडणी केली. प्रा. बी. आर. देवधर यांनी थोर कलावंतांच्या आठवणी जतन केल्या. एवढे धन पदरी असता आणखी काय हवे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे इतकेच, की या लेखनाचे तोंड बहुतांशी गवयाकडे आहे. गवयाच्या मागे बसून जे तानपुऱ्याचा खर्ज धरतात, बाजूला बसून जे पेटी आणि तबला वाजवितात, त्यांच्याही बोलण्याला काही वाङ्मयीन मोल आहे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

हे बोलणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्याची गोडी निराळी सांगावयास नको. मैफल सुरू होण्यापूर्वी वाद्ये जुळवीत असताना, मध्यंतरात चहा घेताना आणि शेवटी खोळी चढविताना ते चालते. त्याचे विषय तीनच: आपली वाद्ये, आपल्या बैठका आणि बडी माणसे. सूर मात्र एकच, थट्टेचा.

आमच्या रांझीत हे बोलणे ऐकण्याची संधी पुष्कळ मिळते. गन कॅरेज, खमरिया, व्हेइकल या कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेली ही वस्ती. खडकी, अंबाझरी, भुसावळ, वरणगाव येथून बदलून आलेली मराठी कुटुंबे येथे आहेत, आणि गणेशोत्सवात बाहेरगावचे गवई बोलावण्याची हौसही आहे. गवई बाहेरचा असतो. साथ घरची असते. दिवसभर यंत्रावर उभा राहणारा मनुष्य रात्री तबल्यासमोर बसतो. असाच एक तबलजी हातोडी हाती घेऊन म्हणाला, “कारखान्यात ठोकले की पगार मिळतो, येथे ठोकले की नारळ मिळतो.” तानपुऱ्याविषयी तेथे एक सिद्धान्त रूढ आहे: तो लावावयास अर्धा तास लागतो आणि गवयाला तो सोडावयास अर्धे मिनिट पुरते. प्रवासाविषयी बोलणे निघाले की रेल्वेतील अन्यायाची हकीकत ठरलेली. वरच्या बर्थवर भोपळा निजतो आणि तो वाजविणारा वाटेत पेटीवर बसून रात्र काढतो. कारण माणूस फुटला तर सुट्टी मिळते, भोपळा फुटला तर मिरजेस जावे लागते.

मिरजेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. तेथील सतार-तानपुऱ्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम ओसरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हत्यारे सोडून भोपळा हाती घेतला. त्यांच्या वारसदारांच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तोफगाड्यांच्या गावी राहून रात्री तानपुरा छेडणाऱ्यास हा इतिहास ठाऊक असला, तर हातातील लाकडाकडे तो थोडा अधिक आदराने पाहील.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. साथीदारांचा हा विनोद म्हणजे केवळ करमणूक, की तीत काही परीक्षण आहे? आमच्या मते तो परीक्षणाचाच एक प्रकार आहे, आणि तो जाणकाराचा आहे. श्रोता समोरून ऐकतो. समीक्षक समोरून ऐकून घरी जाऊन लिहितो. साथीदार मात्र गवयाच्या श्वासाजवळ बसलेला असतो. तान कोठे सुचली आणि कोठे पाठ होती, सम खरोखर गाठली की तबलजीने हळूच पुढे आणून दिली, हे त्याच्याइतके कोणास कळणार? परंतु ते उघड बोलण्याचा अधिकार त्याला नाही. ज्ञान आहे आणि अधिकार नाही, अशा ठिकाणी विनोद उगवतो. सरकारी कचेरीत टिपणी लिहिणाऱ्या व मसुद्यावर दुसऱ्याची सही घेणाऱ्या आपणां वाचकांस हे अधिक फोडून सांगण्याचे कारण नाही.

या प्रकारच्या बोलण्याला ग्रंथात स्थान देण्याचे दोन प्रयत्न युरोपात झाले आहेत. पहिला हेक्टर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराचा. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात उत्तरेकडील एका गावच्या नाट्यगृहातील वादक रोज संध्याकाळी एकत्र येतात. संगीतिका सुमार असली, की ते वाजविता वाजविता गप्पा मारतात, गोष्टी सांगतात, वाद घालतात. गप्पांत न पडणारा मनुष्य एकच, मोठा ढोल वाजविणारा. तो बिचारा इमानाने आपले काम करीत राहतो. परंतु ज्या दिवशी खरोखर थोर कृती असते त्या दिवशी कोणी अक्षर बोलत नाही, आणि ते प्रकरण दोन ओळींत संपते. ग्रंथाचे सारे मर्म या रचनेत आहे. वादकांची बडबड हा एक अभिप्राय आणि त्यांचे मौन हा त्याहून मोठा अभिप्राय. बर्लिओझ स्वतः वर्तमानपत्रात परीक्षणे लिहीत असे व त्या कामाला कंटाळलेला असे. वादकांच्या तोंडी घातलेल्या थट्टेत त्याला जे साधले, ते प्रत्यक्ष निवाड्यात साधतेच असे नाही.

दुसरा प्रयत्न जर्मन लेखक पाट्रिक झ्युसकिंड याचा. त्याचे ‘डेर कोन्ट्राबास’ हे एकपात्री नाटक १९८१ साली म्युनिक येथे रंगभूमीवर आले. कोन्ट्राबास म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठे, खर्जातले सारंगीवर्गीय वाद्य, वाद्यवृंदाचा पाया. नाटकातील वादक सरकारी वाद्यवृंदात कायम नोकरीवर आहे. पगार ठरलेला, रजा ठरलेली, जागा मागच्या रांगेत. खोलीत एकटा बसून बिअर पीत तो प्रथम सांगतो, की माझ्या वाद्यावाचून वाद्यवृंद उभा राहू शकत नाही. पुढे हळूहळू कबुली येते, की या वाद्याइतके ओबडधोबड, अडचणीचे व दुष्ट वाद्य दुसरे नाही. एका गायिकेवर त्याचे प्रेम आहे. तिला तो ठाऊकही नाही. एखाद्या मोठ्या प्रयोगाच्या प्रारंभी, प्रतिष्ठित मंडळींसमोर मोठ्याने तिचे नाव घ्यावे आणि नोकरी घालवावी, असे त्याला वाटते. तो तसे करील काय, हे नाटक सांगत नाही.

हे नाटक वाचताना हसू येते, हे निर्विवाद. तरीही ते हसू कडवट का होत जाते, याचा विचार केला पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण त्या वादकाच्या एकटेपणात आहे. त्याचे बोलणे ऐकून हसणारा दुसरा वादक खोलीत नाही. बर्लिओझच्या मंडळींचा विनोद परस्परांच्या हसण्यावर जगतो. याचा विनोद ध्वनिरोधक भिंतींवर आपटून परत येतो. शिवाय हा मनुष्य नाटकभर आपल्या वाद्याविषयी बोलतो, परंतु कोणाला साथ देण्याचा आनंद त्याच्या बोलण्यात जवळजवळ येत नाही. साथ वजा केली, की साथीदाराच्या विनोदातून केवळ तक्रार उरते. झ्युसकिंडने हे जाणूनबुजून दाखविले आहे. म्हणून त्याची कृती श्रेष्ठ होय. परंतु तिच्याकडे साथीदारांच्या जीवनाचे संपूर्ण चित्र म्हणून पाहणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे गोविंदराव टेंबे यांची भूमिका या दोहोंहून निराळी आहे. ते पेटीवादक, भास्करबुवा बखले यांच्या बैठकीत साथीस बसणारे. आणि तेच १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे, पुढे नाटक मंडळीचे मालकही झालेले. मागे बसणे व पुढे उभे राहणे या दोन्ही जागांचा अनुभव त्यांच्यापाशी होता. त्यांच्या लेखनात अल्लादियाखाँ, भास्करबुवा अशा थोरांविषयीची भक्ती आहे, आणि ती आंधळी नाही, कारण ती हाताने स्वर काढून पाहिलेल्या माणसाची आहे. तथापि त्यांच्यानंतर आपल्याकडे संगीतावरील ‘किस्सा’ म्हणून जो प्रकार फोफावला, त्यात भक्ती राहिली व हात गेला. किस्स्यात खाँसाहेब काहीतरी तिरपागडे उत्तर देतात, सभा थक्क होते, आणि साथीदार केवळ ‘वाहवा’ म्हणण्यापुरता उरतो. पर्वतचे खाप्रूमामा लयकारीत काय करीत, हे आपण आश्चर्याने सांगतो; त्या लयीशेजारी बसताना दुसऱ्याच्या हाताला घाम कसा फुटत असेल, हे कोणी लिहीत नाही. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले होते. या धोरणाच्या बाजूने व विरुद्ध बरेच लिहिले गेले. त्या काळी पेटीवाले आपापसांत काय बोलून हसले असतील, ते मिळाले असते तर त्या बंदीचा खरा इतिहास अधिक उजळला असता.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या लेखनातील उणिवा सांगितल्या. आता स्वतःची सांगणे प्राप्त आहे, कारण आमचे मत बनले ते त्या चुकीतून.

काही वर्षांपूर्वी आमच्या उत्सवात बाहेरगावचे एक वयोवृद्ध गवई आले होते. पेटीला वस्तीतले एक निवृत्त यंत्रकामगार बसले होते. त्यांना आम्ही काका म्हणत असू. प्रस्तुत लेखक मागे तानपुऱ्यावर होता. मध्यंतरात कोणीतरी विचारले, “काका, आज मधूनच थांबत होता ते का?” काका म्हणाले, “बुवा सुरात आले की मी थांबतो. दोघांनी एकाच वेळी बरोबर असणे बरे दिसत नाही.” मंडळी पोट धरून हसली. पुढच्या वर्षी मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही ‘साथीदारांच्या गमती’ या नावाने एक लेख लिहिला व त्यात हे वाक्य अग्रभागी छापले. नावे गाळली होती. परंतु लहान वस्तीत गाळलेले नाव सर्वांस वाचता येते. स्मरणिका त्या गवयांकडेही पोचली.

काका रागावले नाहीत. एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, “तुझ्या लेखात माझे वाक्य आहे रे, माझी पेटी नाही.” त्यानंतर ते उत्सवात साथीस बसले नाहीत.

त्या वाक्याचा अर्थ कळावयास आम्हांस बराच काळ लागला. त्या रात्री बुवांचा गळा बसला होता. वरच्या षड्जाशी आवाज पोचेना, तेव्हा काका एक क्षण आधी तो स्वर पेटीवर भरून ठेवीत, आणि बुवा त्या आधाराने वर जात. तसा आवाज एकदा लागला की पेटीची गरज उरत नसे. म्हणून ते थांबत. सभेला वाटले बुवा गायले. हे सारे आम्ही हातभर अंतरावरून ऐकले होते. काकांच्या थट्टेत बुवांची निंदा होती असे नव्हे. आपण केलेला उपकार हसण्यावारी नेण्याची ती रीत होती. आम्ही थट्टा घेतली आणि उपकार गाळला. छापल्यावर उरला तो एक कुजकट शेरा, आणि तो एका सज्जन माणसाच्या नावावर कायमचा चिकटला.

म्हणून या प्रकाराच्या लेखनासाठी आम्हांस एक कसोटी सुचवावीशी वाटते. साथीदाराचा विनोद लिहिताना त्यासोबत त्याची साथही ऐकू आली पाहिजे. बर्लिओझच्या ग्रंथात ती मौनाच्या रूपाने ऐकू येते. झ्युसकिंडच्या नाटकात तिचा अभाव हाच विषय होतो. टेंबे यांच्या लेखनात ती स्वराच्या जाणकारीतून येते. आणि आमच्या स्मरणिकेतील लेखात ती मुळीच नव्हती. म्हणून तो लेख वाईट होता, मग तो वाचून कितीही लोक हसले असोत.

कोणी म्हणेल, की असे बोलणे लिहूनच ठेवू नये. खोळीबरोबर ते बांधून टाकावे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. आज पुष्कळ ठिकाणी मागे तानपुरा धरून बसणारा शिष्य नसतो. एक यंत्र असते, कळ दाबली की खर्ज सुरू होतो. त्या यंत्राची सोय आम्ही नाकारीत नाही. आमचे तबलजी म्हणतात, “त्याला नारळ लागत नाही, बर्थ लागत नाही, आणि बुवा घसरले तरी ते हसत नाही.” यांतले शेवटचे वाक्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. मागे बसून ऐकणारा, ओळखणारा, सांभाळून घेणारा व नंतर हसणारा मनुष्य जसजसा कमी होईल, तसतसे हे बोलणेही संपेल. त्याची नोंद व्हावयास हवी, पण ती हलक्या हाताने आणि कानाने व्हावयास हवी.

काका आता हयात नाहीत. त्यांची पेटी त्यांच्या मुलाने मंडळाला दिली आहे. तिच्या वरच्या सप्तकातील षड्जाची पट्टी इतर पट्ट्यांपेक्षा अधिक झिजली आहे. स्मरणिकेत जे आम्हांस लिहिता आले नाही, ते तिच्यावर तसेच राहिले आहे.