लुकलुकत्या दिव्याचे वाङ्मय

आजवर मी पुष्कळ पुस्तकांची परीक्षणे वाचली. पण ज्या पुस्तकाने माझी तीन रात्रींची झोप उडवली, त्याचे परीक्षण कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ते पुण्यकर्म मलाच करणे भाग आहे. पृष्ठे बारा. मुखपृष्ठावर एका काळ्या पेटीचे चित्र. लेखकाचे नाव नाही, आणि पुस्तक वाचून झाल्यावर ते का नाही हेही समजते.

ही पुस्तिका आमच्या घरी 'नॅस'बरोबर आली. नॅस म्हणजे अख्ख्या घराच्या फोटो-गाण्यांचे कोठार. पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी, तिच्या पोटात दोन हार्ड डिस्क. राऊटरला वायर जोडली की घरातल्या कुठल्याही खोलीतून सामान ठेवा, काढा. भाच्याने ती बसवून देताना सांगितले होते, "मामा, यात रेड वन आहे. प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक गेली तरी दुसरी आहेच!"

या भरवशावर मी अण्णांची कॅसेट तीत उतरवून घेतली. १९८६ सालची. अण्णा ओसरीवर नातवंडांना गोष्ट सांगताहेत आणि राक्षस गुहेतून बाहेर पडणार तेवढ्यात दूधवाल्याला ओरडून सांगताहेत, "उद्या एक लिटर जास्त!" पुढे कॅसेटला बुरशी आली. अण्णा त्याआधीच गेले होते. म्हणजे अण्णांचा आवाज आता जगात फक्त त्या पेटीत.

परवा वीज गेली, आली, आणि पेटी उठेना. पंखा फिरतोय, निळा दिवा लुकलुकतोय, पण पुढे काही नाही. तेव्हा मी हा ग्रंथ प्रथमच समग्र वाचला.

ग्रंथाचा आरंभ 'अभिनंदन!' या शब्दाने होतो. मधल्या पानांवर चित्रकथा आहे. तिचा नायक टकला, बिनतोंडाचा आणि सदैव समाधानी. त्याची पेटी पहिल्याच चित्रात सुरू होते. विरोधी पात्र नसल्याने कथेत संघर्ष नाही. खरे नाट्य नवव्या पानावरच्या दिव्यांच्या कोष्टकात. 'निळा, स्थिर: चालू. निळा, लुकलुकता: सुरू होत आहे.' आता सुरू होत आहे म्हणजे किती वेळ? आमची पेटी तीन तास सुरू होत होती. लग्नघरी 'पाचच मिनिटांत पानं मांडतो' म्हणतात, त्यातलाच हा वर्तमानकाळ.

मग ग्रंथकार म्हणतो, मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतली कळ दाबा. थोडा वेळ दाबली तर पासवर्ड पुसला जाईल, जास्त वेळ दाबली तर पेटी नव्यासारखी होईल. नव्यासारखी म्हणजे कोरी का, यावर ग्रंथकार मौन पाळतो. मी टाचणी घेऊन वाकलो, तेवढ्यात सौ. ओरडली, "अहो, ती टाचणी खाली ठेवा! अण्णा आहेत आत!"

शेवटचे वाक्य 'विक्रेत्याशी संपर्क साधा.' साधला. तो म्हणाला, "पेटी बदलून मिळेल, आतल्याची जबाबदारी आमची नाही."

अखेर गल्लीतल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. त्याने पुस्तिकेकडे ढुंकूनही पाहिले नाही. पेटीची वायर काढली, डिस्क बाहेर घेतल्या, त्यांवर पेनाने १ आणि २ असे आकडे घातले आणि रिकामी पेटी सुरू केली. दिवा तसाच लुकलुकत राहिला. "म्हणजे डिस्कचा दोष नाही, काका," तो म्हणाला. मला पहिल्यांदा श्वास आला. मग त्याने तेवढ्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा दुसरा अडॅप्टर पिशवीतून काढून लावला. पेटीने पिप् केले. "जुना अडॅप्टर थकलाय. दिवा-पंखा चालवण्यापुरता जीव आहे, भार घ्यायचा म्हटला की बसतो." हे निदान अडॅप्टरचे होते, तरी मी जरा ताठ बसलो.

जाताना मात्र त्याने मला सोडले नाही. "काका, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर काम अडू नये एवढंच ते. चुकून पुसलंत तर दोन्हीकडून पुसलं जातं. पेटी चोरीला गेली तर दोन्ही जातात." थोडक्यात, मी घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगून निर्धास्त होतो. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या त्रयीने 'रेड' मांडले, तेव्हा त्यातल्या 'आय'चा अर्थ होता 'स्वस्त'. पुढे लोकांनी तो 'स्वतंत्र' केला. 'निर्धास्त' हा अर्थ एकट्या माझा.

तेव्हा समीक्षक या नात्याने माझे मत असे: या ग्रंथकाराला प्रत्येक दिव्याचा अर्थ ठाऊक आहे, दिव्यासमोर बसलेल्या माणसाचे आत काय अडकले आहे ते ठाऊक नाही. त्याच्या बारा पानांत एक वाक्य कमी आहे. ते मी मागच्या कोऱ्या पानावर पेनाने लिहून ग्रंथाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली आहे: 'जे गमावणे परवडणार नाही, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा; आणि दिवा लुकलुकला तर आधी टाचणी खाली ठेवा.'

दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घालून बहिणीकडे धाडली. रात्री तिचा फोन आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "दादा, ते एक लिटर जास्त दूध मी येणार म्हणून होतं रे."