‘एकच प्याला’ आणि आमची वस्ती

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ शिकवताना माझा आवाज दरवर्षी अडखळतो. सुधाकरचा हात उठतो तिथे मला माझी आई दिसते.

माझा बाप सफाई कामगार होता. गटारात उतरण्याआधी नवटाक मारायचा. शुद्धीत तो वास सोसत नाही, म्हणायचा. वर आल्यावर पुन्हा प्यायचा. पगाराच्या दिवशी त्याला गुत्त्याआधी गाठायला आई धावायची.

सुधाकर वकील आहे. सनद जाते, अपमान जिव्हारी लागतो आणि तळीराम त्याच्या हाती पेला देतो. उंचावरचा माणूस कोसळतो, म्हणून ती शोकांतिका. पण त्याचा हा कारकून तळीरामही पितो, पिऊन मरतो. त्याची बायको गीता सारे भोगते. तिथे मात्र प्रेक्षकाने हसायचे. मालकाचे व्यसन शोकांतिका आणि नोकराचे व्यसन प्रहसन, हा न्याय कुठला? बालगंधर्वांच्या सिंधूसाठी पांढरपेशा महाराष्ट्र रडला. गीतेसाठी कोण रडले?

गडकऱ्यांचे मोठेपण मी नाकारीत नाही. दारू सोडण्याचा निश्चय कसा मोडतो, हे त्यांनी अचूक ओळखले. पण त्यांची नजर पेल्यावर खिळली. पेला भरतो कोण, नफा कुणाचा, हे प्रश्न नाटकाबाहेरच राहिले. आमच्या वस्तीत ते जीवनमरणाचे प्रश्न आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसे मेली. दारूत मिथेनॉल होते. ते डोळे नेते आणि जीवही घेते. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि दारूच्या करावर तिजोरीही भरते!

बाबासाहेबांनी हे दुटप्पीपण ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्याने दारूबंदीला विरोध केला: महसूल बुडतो आणि दारू घराघरात गाळली जाते. १९५६ साली नागपूरला मात्र त्यांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. पहिली गोष्ट सरकारला सांगितली, दुसरी आपल्या माणसाला.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरणे आपल्या समीक्षेला अजून जमलेले नाही. बाप का प्यायचा हे मला कळते. म्हणून आईच्या पाठीवरचे वळ पुसले जात नाहीत. आपल्याही काही लेखनात दारू विद्रोहाची खूण म्हणून मिरवते. त्या विद्रोहाचा अर्थ माझ्या आईला विचारावा.

परवा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, तळीराम मेल्यावर गीतेचं पुढं काय होतं?” मी पुस्तक मिटले. माझी आई सिंधू कधीच नव्हती, ती गीता होती. बाप गेल्यावर तिने धुणीभांडी करून मला शिकवले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर गडकऱ्यांकडे मागून उपयोग नाही. ते आपणच लिहायचे आहे.