गळी उतरणारं गाणं

भाषणातला मुद्दा माणूस पारखून घेतो. गाण्यातला मुद्दा तो नकळत गुणगुणू लागतो. म्हणूनच लोकांचं मन वळवू पाहणाऱ्या प्रत्येकाला गाणं हवं असतं. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, ही कला अठराव्या शतकापासून मुरलेली आहे. आज इथे प्रचाराची गाणी उदंड वाजतात, पण पटणारी गाणी विरळ झाली आहेत. असं का झालं, ते याच मातीतल्या तीन कवींकडे पाहिलं की उमगतं.

पहिले संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९). लावण्या रचणारे, फड गाजवणारे शाहीर. चौंडीच्या लेक अहिल्याबाई होळकर यांच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. फंदींचं नाव टिकलं ते फटक्यामुळे. फटका म्हणजे रोखठोक उपदेश, आणि उपदेश सहसा कुणाला रुचत नाही. तरी तो लोकांच्या तोंडी बसला, कारण त्याचा ठेका ठसठशीत आहे आणि त्यातलं शहाणपण बाजारहाटातलं, भाऊबंदकीतलं, देण्याघेण्यातलं आहे. शिवाय सांगणारा फडावरचा. रंगेल दुनिया जवळून पाहिलेल्या माणसाने सावध केलं, की ऐकणारा कान देतो.

दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी नगरमध्ये काढली. मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग आणि पदांमधून ख्रिस्तभक्ती मराठी केली. चाल निवडतानाच त्यांनी अर्धा युक्तिवाद जिंकला. ख्रिस्ती होऊनही तुकोबांच्या परंपरेत राहता येतं, हे त्यांनी गाऊन दाखवलं. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.

तिसरे अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचं आत्मकथन ‘बलुतं’ (१९७८) सर्वांना ठाऊक आहे. पण धरणावर राबणाऱ्या बाईवरचं त्यांचं गीत चळवळींनी गावोगाव नेलं. भंडारदरा धरण याच अकोल्यात आहे, हे लक्षात घेऊन ते ऐकावं. गीत तिच्याच तोंडून येतं. तिच्या घामावर दुसरीकडे मळे फुलतात, तिचं अंगण कोरडं राहतं. कवी निकाल देत नाही. तो ऐकणाऱ्याला द्यावाच लागतो.

तिघांची ताकद एकच आहे: चाल ओळखीची, आवाज आतल्या माणसाचा आणि सांगणं रोजच्या जगण्यातलं.

आजच्या प्रचारगीतांनी यातली फक्त चाल उचलली. गाजलेल्या सिनेगीतात उमेदवाराचं नाव बसवलं की निवडणुकीचं गाणं तयार होतं. मत का द्यावं, याचं कारण शोधूनही सापडत नाही. सरकारी मोहिमांच्या गीतांत मुद्दा रास्त असतो, पण सूर हुकुमाचा असतो. पाणी वाचवा, हे शेकडो पावलं चालून हंडा भरणाऱ्या बाईला सांगायचं, तर आधी तिचं चालणं गाण्यात यायला हवं.

जिवंतपणा आहे तो सप्ताहांतल्या कीर्तनात आणि भीमजयंतीच्या गाण्यांत. तिथे गाणारा आणि ऐकणारा एकाच जगण्यातले असतात, आणि टाळी, टाळ, कोरस यांतून ऐकणारा गाण्यात सामील होतो.

चाल खोट्यालाही गोडी आणते, ही या कलेची जोखीम आहे. शाहिरांनी धन्याची स्तुतीही तितक्याच रसाळपणे गायली. म्हणून रचनाकाराने स्वतःला न पटलेलं लिहू नये, ही अट मी पहिली मानतो.

पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबाचं स्थलांतर, कांद्याचे पडलेले भाव, निळवंडे धरणाच्या पाण्याची दीर्घ प्रतीक्षा: या विषयांवरची गाणी ते भोगणाऱ्यांकडूनच लिहून घ्यायला हवीत. शाळा, ग्रामपंचायती आणि साहित्य संस्थांनी त्यांना व्यासपीठ आणि मानधन द्यावं. कसोटीही साधी ठेवावी: मोहीम संपल्यावर, भोंगे उतरल्यावर गावाने ते गाणं आपणहून पुन्हा म्हटलं, तरच ते पटलं असं धरावं.