दैव, निमित्त आणि निवड : आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रलेखनातील एक प्रश्न

कर्तबगार व्यक्तीचा अकाली अंत झाला, की चरित्रकाराची लेखणी सहजच दैवाकडे वळते. मराठी चरित्रवाङ्मयही या नियमास अपवाद नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात तर या वळणाला सर्व अनुकूलता आहे. १८६५ मध्ये जन्म, कल्याणच्या माहेरघरी गेलेले बालपण, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व व अवघ्या दहा दिवसांत पुत्रवियोग, एकविसाव्या वर्षाच्या आतबाहेर वैद्यकाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे मृत्यू. या घटना ओळीने मांडल्या, की ‘विधिलिखित’ हा शब्द आपोआप सुचतो. परंतु जो शब्द इतक्या सहजपणे सुचतो तो समीक्षेने तपासून घ्यावयास हवा. या आयुष्यात विधिलिखित म्हणण्यासारखे नेमके किती, आणि माणसांनी केलेल्या निवडीचे किती, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. चरित्रात श्रेय आणि दोष यांची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

या विवेचनास एक जुनी चौकट उपयोगी पडते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. येथे दैवास स्थान आहे. परंतु ते पाचवे आहे, एकमेव नाही. लोकमान्य टिळकांनीही ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरण योजून या दोन पक्षांना एकत्र विचारास घेतले आहे. चरित्रकाराने यावरून एवढाच बोध घ्यावयाचा, की आधीची चार कारणे धुंडाळल्यावाचून पाचव्यावर जाऊ नये.

प्रथम अधिष्ठान. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणास पोहोचली. ज्या गावातून लोहमार्ग आणि टपाल यांचे नवे जग जाऊ लागले होते, त्या गावच्या एका जुन्या घराण्यातील यमुनेचा विवाह टपालखात्यात नोकरीस असलेल्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या आणि विधुर असलेल्या गोपाळरावांशी झाला. पुढे अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर असा जो प्रवास घडला तो बव्हंशी बदलीच्या हुकुमांनी घडविला. या साऱ्यात त्या मुलीच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. तथापि येथे दैवही नव्हते. वडीलधाऱ्यांचा निर्णय होता, रूढी होती, सरकारी खाते होते. दुसऱ्यांच्या निर्णयांना दैव म्हणण्याने निर्णय घेणारे मात्र दृष्टिआड होतात.

यादृच्छिक म्हणावे असे काही या कथेत आहे काय? आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत वेळ घालविण्यासाठी तो अंक चाळला. यास योगायोगच म्हटले पाहिजे. परंतु अंक चाळणे हा योगायोग असला, तरी अनोळखी मुलीला पत्र पाठविणे आणि त्या मुलीने ते नाते वर्षानुवर्षे पत्रांनी जोपासणे, हे योगायोग नव्हेत. दैवाने दिले ते निमित्त. त्याचे कारणात रूपांतर दोन स्त्रियांनी केले.

आनंदीबाईंच्या स्वतःच्या निवडीचा आरंभ कोठे शोधावा? पुत्रवियोगातून वैद्यकाचा निश्चय झाला, अशी परंपरागत मांडणी आहे. त्या दुःखाचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. पण २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी केलेल्या भाषणाचा युक्तिवाद सार्वजनिक गरजेवर उभा आहे. हिंदुस्थानात हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, आणि मद्रासचे महाविद्यालय व ठिकठिकाणचे सुईणींचे वर्ग यांनी ती भागण्यासारखी नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. लोकांच्या सहा आक्षेपांना क्रमाने दिलेली उत्तरे, हे त्या भाषणाचे स्वरूप. त्यातला एक प्रश्न संकट ओढवल्यास काय करणार, असा आहे. प्रश्नाची ही ठेवण अर्थपूर्ण आहे : कपाळी काय लिहिले आहे हे तेथे विचारलेले नाही, काय करणार हे विचारले आहे. उपलब्ध पर्यायांची तुलना करून, धोके मोजून, सभेसमोर कारणे देऊन केलेली ही निवड अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीची आहे, हे विसरता येत नाही.

याहूनही मोलाचा पुरावा म्हणजे अमेरिकेतून पतीस लिहिलेले एक पत्र. लहानपणी अभ्यासासाठी झालेल्या मारहाणीचे स्मरण करून आनंदीबाई तेथे विचारतात, की ते वागणे चांगले की वाईट. आणि उत्तर देतात, की दोन्ही. अंतिम हेतूच्या दृष्टीने ते योग्य ठरले, पण बालमनावर होणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने अयोग्य. साध्य आणि साधन यांतील हा विवेक करणाऱ्या व्यक्तीस दैवाच्या हातचे बाहुले म्हणता येत नाही, तसेच पतीच्या हातचेही नाही.

नंतरच्या लेखनात हा तोल सर्वत्र राहिला आहे असे म्हणता येत नाही. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, बोस्टन येथे निघाले. पंडिता रमाबाईंची आप्त ही ओळख त्याच्या शीर्षकातच आहे. काशीबाई कानिटकरांनी चरित्रास पत्रांची जोड देऊन नायिकेचा आवाज जपला, हे त्यांचे मोठे ऋण होय. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी सर्वाधिक वाचली गेली. तिचे शीर्षक दांपत्याचे नाव म्हणूनही वाचता येते आणि पतीचे नाव पुढे लावलेले पत्नीचे नाव म्हणूनही. कादंबरीची चालक शक्ती मात्र गोपाळरावांचा हट्ट हीच आहे. कथानकाला त्याने वेग येतो, पण श्रीरामपूरच्या सभेत बोलणारी स्त्री त्या हट्टाचे फलित वाटू लागते. अंजली कीर्तने यांनी १९९७ मध्ये आपल्या ग्रंथास ‘काळ आणि कर्तृत्व’ अशी जोड दिली, ती या दृष्टीने अधिक न्याय्य आहे.

काळ सर्वस्वी निर्णायक नसतो याची साक्ष त्याच दशकात मिळते. बालपणीच लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, न्यायालयाशी झुंज दिली, लंडनमध्ये वैद्यक शिकून दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ पर्यंत आयुष्य लाभले. एकीने नकारातून वाट काढली, दुसरीने लादलेल्या शिक्षणालाच आपले ध्येय बनविले. रूढी एकच, निवडी दोन.

उरतो तो मृत्यू. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु क्षयाने ते काम हाती घेऊ दिले नाही. क्षयाच्या जंतूचा शोध कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला होता, औषध मात्र त्यानंतर साठ वर्षांनी आले. येथे मनुष्याच्या निवडीची सीमा खरोखरच येते, आणि पाचव्या कारणाचा उच्चार कोणी केला तर तो अप्रस्तुत ठरणार नाही. मात्र तो याच स्थळी करावयाचा. विवाह, बदल्या, मारहाण आणि परदेशगमन यांवरही तोच शब्द पसरला, तर अन्याय करणारे निर्दोष ठरतात आणि निश्चय करणारी निष्क्रिय ठरते. आनंदीबाईंच्या भावी चरित्रकाराने दैवास त्याचा वाटा अवश्य द्यावा. पण तो सर्वांत शेवटी, आणि इतरांचे हिशेब पुरे झाल्यावर.